नक्षलवादी म्हणायचं कुणाला?

शहापूर तालुक्याने अलीकडच्या वर्षांत दोन मोठे मोर्चे पाहिले. मार्च २०१८मध्ये नाशिकहून निघालेला शेतकरी-आदिवासींचा लाँग मार्च कसारा घाट उतरला आणि शहापूर, भिवंडी करत मुंबईला पोचला. पायाला फोड आलेल्या बाया, डोक्यावर लाल टोप्या, हातात लाल बावटे. दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलांची वाट अडू नये म्हणून मुंबईतली शेवटची मजल त्यांनी रात्रीतून चालून काढली. मार्च २०२३मध्ये दिंडोरीहून निघालेला दुसरा मोर्चा वाशिंदला मुक्कामाला थांबला, सरकारशी बोलणी झाली आणि माणसं तिथूनच माघारी गेली. त्या मुक्कामात एक शेतकरी वारला. दोन्ही वेळेला मागण्यांच्या यादीत कसत असलेल्या वनजमिनीचा प्रश्न ठळक होता.

पहिल्या मोर्चाच्या वेळी भाजपच्या तेव्हाच्या खासदार पूनम महाजन यांनी त्यात शहरी माओवाद डोकावतो आहे, असं म्हटलं होतं. नंतर १० जुलै २०२५ला विधानसभेत आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं. त्यात शब्द आला, ‘कडवी डावी विचारसरणी’. कागदावर हा शब्द जड आहे. गावात त्याचा उच्चार एकच होतो, नक्षलवादी.

शहापूरमधल्या डोळखांबच्या बाजूला नक्षलवाद्यांचं कुठलंही दलम, म्हणजे हत्यारी तुकडी, कधी फिरलेलं नाही. इथे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी आहेत, आजापर्वताची भिंत आहे, वनखात्याची हद्द आहे. दिवाळी झाली की उचल घेऊन वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं आहेत. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं याच तालुक्यात आहेत, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी हक्काचं काही मागायला चार माणसं एकत्र आली की हा शब्द आपोआप ऐकू येतो. म्हणून त्याची झडती इथेच घ्यावी असं मला वाटलं.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. त्यातल्या तारखा आणि घटना मात्र रचलेल्या नाहीत. बोलणारी दोघं एकाच घरातली आहेत. मामा राज्य राखीव पोलीस दलातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, गडचिरोलीत बंदोबस्ताला राहून आलेले. भाची वकिलीचं शिकलेली, पाड्यापाड्यांवर वनहक्काचे दावे भरून देणारी. भात झोडून झालेलं आहे, पेंढा रचायचा बाकी आहे, आणि विषय निघालेला आहे.

भाची: मामा, काल एका कार्यालयात दाव्यांची पोच मागितली, तर समोरचा माणूस हसत म्हणाला, ताई, तुम्ही नक्षलवाल्यांसारखं बोलता. पोच मागणं म्हणजे नक्षलवाद?

मामा: हसत म्हणाला ना? मग सोडून दे.

भाची: हसत म्हणाला म्हणूनच सोडवत नाही. बाजूला दोन म्हाताऱ्या ठाकरणी बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. परत यायला त्या दहादा विचार करतील.

मामा: बाय, तुला त्या शब्दाचा राग येतो. मला तो शब्द ऐकला की माणसं आठवतात. ८ ऑक्टोबर २००९, लाहेरी. सतरा पोलीस गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मरकेगावला पंधरा. १ मे २०१९ला, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याला रस्त्यात सुरुंग फुटला. पंधरा जवान आणि त्यांचा गाडीवाला. गाडीवाला कुठल्या दलात नव्हता, भाड्याने गाडी चालवत होता. तिथली पोरं बहुतेक तिथलीच, आदिवासीच. पोलीस मदत केंद्रात रात्री जागा असलेला माणूस काय ऐकत असतो, ते तुला सांगून कळायचं नाही. त्यामुळे कुणी म्हणालं की नक्षलवाद हा नुसता बदनामीचा शब्द आहे, तर मला ते सोसत नाही. तो शब्द खरा आहे. त्याच्या मागे प्रेतं आहेत.

भाची: मी कुठे म्हणाले खोटा आहे?

मामा: तू नाही म्हणालीस. तुझ्या सभेत म्हणतात.

भाची: मग तो कुठून आला, तिथून सुरू करू. दार्जिलिंग जिल्ह्यात नक्षलबारी नावाचं गाव आहे. १९६७चा मे महिना. बटाईने कसणारी कुळं जोतदारांच्या जमिनीवर उतरली. २४ मेला एक पोलीस निरीक्षक बाणांनी मारला गेला, दुसऱ्या दिवशी पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि अकरा माणसं मेली, त्यांत बायाच जास्त, आणि लेकरंही. गावाचं नाव चळवळीला मिळालं. १९६९मध्ये त्या चळवळीचे पुढारी चारू मजुमदारांनी वेगळा पक्ष काढला आणि वर्गशत्रूला ठार मारणं हाच मार्ग ठरवला. त्यांच्याबरोबरचे कानू संन्याल पुढे त्या मार्गावरून बाजूला झाले. म्हणजे पहिल्या पाच-दहा वर्षांतच या एका नावाखाली निदान दोन वेगळ्या वाटा होत्या. जमीन मागणारे आणि मुंडकी मागणारे.

मामा: आणि गडचिरोलीत आले ते दुसऱ्या वाटेचे. १९८०च्या सुमाराला गोदावरी ओलांडून आंध्रातून आले. सुरुवातीला तेंदूपत्त्याची मजुरी वाढवून दिली, फॉरेस्टवाल्यांचा आणि ठेकेदारांचा जाच कमी केला, हे मी नाकारत नाही. गावातले म्हातारे स्वतः सांगायचे. पण मग त्याच ठेकेदाराकडून पैसे घ्यायला लागले. रस्ता करू देईनात, शाळा उडवली, पोरांना दलममध्ये न्यायला लागले. २००४मध्ये दोन पक्षांचा मिळून एक झाला, भाकप माओवादी. त्या पक्षाचं म्हणणं त्यांच्याच कागदांत आहे, बंदुकीने सत्ता घ्यायची. माझ्यासाठी नक्षलवादी म्हणजे तो. ज्याचं म्हणणं तसं आहे, आणि जो त्यासाठी काम करतो.

इथे मला मामांचं वाक्य पुन्हा वाचावंसं वाटतं. त्यात दोन अटी आहेत, सशस्त्र सत्तेचं ध्येय आणि त्यासाठी प्रत्यक्ष काम. इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्याही सभेत किंवा वाहिनीवरच्या चर्चेत ऐकलेली नाही, आणि ती त्या लढाईत उभ्या राहिलेल्या माणसाने केलेली आहे. शब्द जपून वापरायची गरज सर्वांत जास्त त्यालाच आहे. वाशिंदला मुक्काम करणारी बाई आणि जांभुळखेड्याला सुरुंग पेरणारा माणूस एकाच शब्दात बसले, तर पहिलीवर अन्याय होतोच, पण दुसऱ्याचा गुन्हाही पातळ होतो.

भाची: तुमची व्याख्या मला मान्य आहे. ती २०१८च्या मोर्चाला लावा.

मामा: लागत नाही. तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या किसान सभेचा मोर्चा होता. तो पक्ष निवडणूक लढवतो, आमदार निवडून आणतो. माओवाद्यांचं आणि त्यांचं तर बंगालात हाडवैर होतं. ते कुणी शिकलेल्या माणसाने नक्षल म्हणावं, हे चूकच.

भाची: मग शहरी नक्षल?

मामा: तिथे मी थांबणार. शहरात त्यांचं काम नाही, असं म्हणू नकोस. २००७मध्ये त्यांच्या पक्षाने शहरातल्या कामाबद्दल अख्खा दस्तऐवज लिहिला. कामगारांत, विद्यार्थ्यांत, झोपडपट्टीत कसं शिरायचं, उघड संघटना कशा चालवायच्या, जंगलातल्यांना औषध, पैसा, माणूस कसा पुरवायचा. दलममध्ये पोचलेली सगळी पोरं जंगलातच जन्मली होती का? मिलिंद तेलतुंबडे वणीकडचा, कोळसा खाणीतला कामगार पुढारी. नोव्हेंबर २०२१मध्ये मर्दिनटोल्याच्या जंगलात मारला गेला तेव्हा तो त्यांच्या केंद्रीय समितीत होता. शहरातून जंगलात जायची वाट आहे. ती पोलिसांनी बघायची नाही?

भाची: बघायची. पण वाट बघणं वेगळं आणि वाटेच्या कडेला राहणाऱ्या प्रत्येकाला प्रवासी धरणं वेगळं. २०२०मध्ये संसदेत प्रश्न आला तेव्हा केंद्रीय गृह मंत्रालयानेच उत्तर दिलं की शहरी नक्षल हा शब्द आम्ही वापरत नाही. ज्या खात्याचं हे काम आहे त्याच्या कागदात नसलेला शब्द भाषणांत मात्र रोज आहे. याचा उपयोग काय, ते सांगा ना मामा. दलममधला माणूस म्हटलं की पुरावा लागतो, हत्यार, साक्षीदार, ठिकाण. शहरी नक्षल म्हटलं की काहीच लागत नाही. हातात पुस्तक असलं तरी पुरतं.

मामा: पुस्तकावरून शिक्षा होत नाही.

भाची: होत नाही हे जुलै २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, एल्गार परिषद प्रकरणातल्या व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन देताना. तोपर्यंत दोघं पाच वर्षं आत होते. त्याच प्रकरणातल्या स्टॅन स्वामींना तर जामीन मिळालाच नाही, ५ जुलै २०२१ला ते कोठडीतच, रुग्णालयात वारले. आणि ही झाली नावाजलेली माणसं. तुम्ही पांडू नरोटे हे नाव ऐकलंय?

मामा: प्राध्यापक साईबाबाच्या केसमधला?

भाची: बघा, तुम्हीही असंच ओळखता, साईबाबाच्या केसमधला. गडचिरोलीचा आदिवासी होता. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून मार्च २०१७मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. ऑगस्ट २०२२मध्ये तो नागपूरच्या तुरुंगात आजारी पडून गेला. ५ मार्च २०२४ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. तो सुटला, पण त्याला ते कळलं नाही. साईबाबाही सात महिन्यांत गेले. आता सांगा, पांडू नरोटे नक्षलवादी होता की नव्हता?

मामा: कोर्टाने सोडलं म्हणजे नव्हता.

भाची: मग त्याच्या गावात आज तो कोण म्हणून ओळखला जात असेल?

मामांनी याला उत्तर दिलं नाही. मलाही ते देता येत नाही. निकालपत्र नागपुरात निघतं, शब्द आधीच गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या पलीकडे पोचलेला असतो, आणि त्याला परत आणायला कुणी जात नाही.

मामा: बरं, आता माझं ऐक. तिकडे एक शब्द होता, खबऱ्या. माझ्या मते त्या जिल्ह्यात बंदुकीपेक्षा त्या शब्दाची दहशत जास्त होती. पोलीस मदत केंद्राच्या दुकानातून मीठ घेतलं, पोराला पोलीस भरतीला पाठवलं, रस्त्याच्या कामावर मजुरीला गेला, नक्षलवाद्यांना गावबंदी करायच्या ठरावावर अंगठा दिला, की गावात कुजबुज सुरू. हा खबऱ्या आहे. मग एका रात्री दलम यायचं. कधी गाव गोळा करून जनअदालत, कधी तेवढंही नाही. बायको पाय धरायची. सकाळी रस्त्यावर प्रेत आणि त्याच्यावर चिठ्ठी, पोलिसांचा खबरी होता म्हणून शिक्षा दिली. अशी शेकडो माणसं मारली त्यांनी. जवळजवळ सगळे आदिवासी. ज्यांच्यासाठी लढतो म्हणायचे, तेच. त्यातले कितीतरी कधी पोलिसाशी बोललेलेसुद्धा नव्हते, ते आम्हालाच माहीत होतं ना! आमच्या वहीत नाव नाही, आणि तो आमचा खबरी म्हणून मेला.

भाची: मामा, हे तुम्ही मला आधी कधी सांगितलं नव्हतं.

मामा: घरात सांगण्यासारखं आहे का ते?

भाची: मग आता तुम्हीच बघा. खबऱ्या म्हणायला पुरावा लागत नव्हता. ज्याने आळ घेतला त्याला कुणी विचारत नव्हतं. आणि एकदा तो शब्द अंगाला लागला की माणसाने काहीही सांगितलं तरी ते आणखी संशयाचं. मी आज पोच मागितली, तर नक्षल. उद्या मी म्हणेन नाही हो, मी संविधानाचं काम करते, तर म्हणतील, बघा, सगळे शहरी नक्षल असंच म्हणतात. या दोन शब्दांची चाल एकच नाही का?

मामा: नाही. एक नाही, बाय. इथे तू घसरतेस. खबऱ्या म्हटल्यावर त्याला अपील नव्हतं. जनअदालतीत वकील नव्हता. तुझ्या पांडू नरोटेला उशिरा का होईना, उच्च न्यायालय मिळालं. तू आत्ता या खळ्यावर बसून सरकारच्या विरुद्ध बोलतेस, उद्या शहापूरला जाऊन बोलशील. तिकडे दलमच्या विरुद्ध बोलणारा दुसऱ्या दिवशी दिसायचा नाही. सरकार आणि दलम यांना एका तराजूत घालू नकोस. मी त्या सरकारचा गणवेश घातला होता.

मामा इथे बरोबर आहेत, आणि हे मी भाचीच्या बाजूने मनात ओढ असूनही लिहितो. कोर्ट आहे, अपील आहे, हाच तो फरक. पण फरक हाच असेल तर सरकारच्या बाजूने बोलणाऱ्याने तो पाळायला हवा. निकाल लागायच्या आधी शब्द वापरायचा नाही, कोर्टाने सोडल्यावर तर नाहीच. ज्या घटकेला मंत्री, खासदार, वाहिनीचा निवेदक किंवा तालुक्याच्या कार्यालयातला माणूस पुराव्याविना तो शब्द उच्चारतो, त्या घटकेला त्याने आपल्या हातातलं हे मोठं भांडवल टाकून दिलेलं असतं.

भाची: एका तराजूत घालत नाही, मान्य. पण आपल्या भागाकडे बघा. रघोजी भांगरे घ्या. या डोंगराच्या पलीकडच्या अंगाचा, महादेव कोळी. सावकारांविरुद्ध उठला. इंग्रजांच्या कागदांत तो काय होता? दरोडेखोर. २ मे १८४८ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिला. आता त्याच्या नावाने आपण मिरवणुका काढतो. १९४५चं घ्या. जानेवारीत इथे टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथून तलासरी-उंबरगावकडे वाऱ्यासारखी बातमी गेली की वेठ बंद करायची. किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांनी, आपल्या गोदूताईंनी, काय मागितलं होतं? लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्या लग्नगड्याला मोकळं करा, फुकट राबवू नका, आणि पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये द्या. जमीनदारांनी सरकारला कळवलं, बंड होणार आहे. १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं गेले. गोदूताईंना जिल्ह्यातून हद्दपार केलं. आणि वेठबिगारीच्या विरुद्ध देशाचा कायदा झाला १९७६ साली. गोदूताईंनी जे मागितलं ते एकतीस वर्षांनी कायद्यात आलं.

मामा: गोदूताईंच्या लोकांनी कुणाला मारलं नव्हतं. म्हणून तर ते टिकलं.

भाची: तेच म्हणते ना मी. आणि मग भाई कोतवाल. तुम्ही दर वर्षी २ जानेवारीला मुरबाडच्या सिद्धगडला जाता.

मामा: जातोच. माझे वडीलही जायचे.

भाची: कोतवालांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. मुंबईची वीज तोडायची म्हणून. त्यांना पकडून देणाऱ्याला इनाम लावलं होतं. २ जानेवारी १९४३ला पहाटे पोलिसांनी सिद्धगडच्या जंगलात गाठून त्यांना आणि हिराजी पाटलांना मारलं. आजचा कायदा तेव्हा असता तर?

मामा: (आवाज चढवून) कोतवालांचं नाव यात आणायचं नाही. ते परक्या राज्याशी लढले. तेव्हा आपल्याला मत नव्हतं, आपली विधानसभा नव्हती, आपलं कोर्ट नव्हतं. आज मुरबाडच्या माणसाला मत आहे. ज्याला मत आहे त्याने मनोरा पाडला तर तो क्रांतिकारक नाही. हे जर तू सभेत बोललीस तर दलमची पोरं टाळ्या वाजवतील, कारण ती हेच सांगतात. आम्ही नवे भगतसिंग.

भाची: (थोडं थांबून) हे मात्र खरं. कोतवालांचं उदाहरण इथे लागत नाही. मी परत देणार नाही ते.

मामा: नको देऊस. मतपेटी आल्यावर हत्याराचा हिशेब बदलतो.

भाची: मग ज्यांनी हत्यार घेतलंच नाही, मतपेटीही मानतात, त्यांच्यासाठी हा जनसुरक्षेचा नवा कायदा कशाला? माओवादी पक्षावर केंद्राने जून २००९मध्येच यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली बंदी घातली आहे. त्याला मदत करणं तेव्हापासून गुन्हा आहे.

मामा: मुख्यमंत्र्यांनी सभागृहात कारण दिलं होतं. छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, ओडिशा, चौघांकडे असा कायदा आहे. संघटना एका राज्यात बंद झाली की नाव बदलून आपल्याकडे येते. आणि आंदोलनाला, टीकेला हा कायदा लागणार नाही, हेही सांगितलं.

भाची: सांगितलं ते भाषणात. कायद्यात काय आहे? आधीच्या मसुद्यात व्यक्ती आणि संघटना असं मोघम होतं. बारा हजारांवर सूचना आल्या, समितीने बदलून ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा संघटना’ असं केलं. आता यात ‘तशा’ म्हणजे कशा? आणि बेकायदा कृत्याच्या व्याख्येत नुसतं हत्यार नाही. प्रस्थापित कायद्याची, त्याच्या संस्थांची अवज्ञा करायला लोकांना सांगणं हेही आहे. वनखात्याने पावसाळ्याच्या तोंडावर कुणाचं रोप उपटलं, आणि मी पाड्यावर जाऊन म्हणाले की दावा प्रलंबित असताना तुम्हाला हटवता येत नाही, जमीन सोडू नका, तर ती अवज्ञा झाली का? वनहक्क कायदाच तसं सांगतो, पण चौकीवरच्या माणसाने तो वाचलेला असतो का? संघटनेची सदस्य नसलेल्या माणसाने नुसती मदत केली, तरी दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुम्ही मला मोटरसायकलवर पाड्यावर सोडता, मामा.

मामा: त्याला सल्लागार मंडळ आहे. उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती त्याचा अध्यक्ष.

भाची: मंडळ संघटनेबद्दल ठरवणार. आणि ते बसेपर्यंत पाड्यावर काय होतं? विधानसभेत आवाजी मतदान झालं तेव्हा विरोधात उभा राहिला तो डहाणूचा आमदार, विनोद निकोले. आदिवासी, लाल बावट्याचा, गोदूताईंच्या मुलखातला. त्याला हे का दिसलं असेल? त्याच्या माणसांनी हा शब्द दोन पिढ्या अंगावर घेतलेला आहे.

मामा: कायदा वाईट माणसाच्या हातात वाईट असतो. चांगल्याच्या हातात नसतो.

भाची: कायदा करताना हात कुणाचे ते धरून चालत नाहीत मामा, ते आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात.

हा मुद्दा दोघांत मिटला नाही. माझ्यापुरतं मला भाचीचं पटतं, विशेषतः ‘तशा’ या शब्दाबद्दल. गुन्ह्याची व्याख्या करणाऱ्या कायद्यात असा शब्द ठेवणं म्हणजे दार अर्धं उघडं ठेवणं आहे. कोण आत येईल ते नंतर, त्या वेळचं सरकार ठरवणार. आणि दार उघडं राहिलं की आज डाव्यांवर येणारी पाळी उद्या दुसऱ्या कुणावर येऊ शकते, हे सत्तेत असलेल्यांनीही विचारात घ्यायला हवं.

भाची: मला एक सांगा. १५ ऑक्टोबर २०२५ला गडचिरोलीत काय झालं ते तुम्ही पाहिलंत?

मामा: पाहिलं. भूपती आला. मल्लोजुला वेणुगोपाल. माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोतला, चाळीस वर्षांवर जंगलात काढलेला. साठ माणसं घेऊन मुख्यमंत्र्यांच्या समोर हत्यारं ठेवली. मी टीव्हीसमोरून उठलो नाही. ज्याच्या माणसांमुळे आमची पोरं गेली, त्याच्या हातात संविधानाची प्रत. वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. यापुढे कुणी मरणार नाही असं वाटलं.

भाची: त्याने बंदूक ठेवली आणि त्याच्यावरचा शब्द निघाला. आता तो पुनर्वसनात जाईल, आणि जायलाच हवा. पण त्या दोन ठाकरणींनी कधी बंदूक उचललीच नाही. त्यांनी काय खाली ठेवायचं, म्हणजे त्यांच्यावरचा शब्द निघेल? दाव्याचा कागद?

मामा: (बऱ्याच वेळाने) पुढची ग्रामसभा कधी आहे?

भाची: का?

मामा: मी येतो. कुणी तुला किंवा त्या बायांना तो शब्द लावला, तर मी विचारीन. कुठलं दलम? कुठलं कलम? कुठल्या तारखेचा गुन्हा? मी तिकडे राहून आलोय म्हटल्यावर उत्तर द्यावं लागेल. पण तूही एक करायचं. तुझ्या सभेत पांडू नरोटेचं नाव घेशील, तेव्हा जांभुळखेड्याच्या त्या गाडीवाल्याचंही घ्यायचं. आणि खबऱ्या म्हणून मारलेल्यांचं. तुमच्या सभांत ते कधी येत नाही.

भाची: घेईन. त्यांचं घेतलं नाही तर माझ्या बोलण्याला अर्थ नाही, ते आज कळलं. पण या कायद्याच्या विरोधातल्या निवेदनावर मी सही करणार आहे.

मामा: कर.

भाची: तुम्ही कराल?

मामा: मी नाही करणार. दाव्यासाठी म्हाताऱ्या माणसाचा जबाब लागतो म्हणालीस ना, त्या पाड्यावरची माणसं २००५च्या आधीपासून तिथे कसतात म्हणून? तो देतो. लहानपणापासून बघतोय मी त्यांना तिथे.